लाच कुणाची, मजुरी कुणाची?



६ जून २०२५ ला अमेरिकेतल्या एका फेडरल न्यायाधीश बाईंनी, क्लॉडिया विल्केन त्यांचं नाव, एका तडजोडीला मंजुरी दिली आणि शंभर वर्षं जे पाप होतं ते एका सहीनं पुण्य झालं. कॉलेजनं आपल्या खेळाडूला खेळण्याबद्दल पैसे द्यायचे नाहीत, हे तिथलं सोवळं. ते आता सुटलं. २०२५-२६ च्या मोसमात एकेका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलर दहा वर्षांत चुकते करायचं ठरलं.

म्हणजे इतकी वर्षं ज्या पोरांची नावं पेपरात चोरासारखी छापून आली, ज्यांची बक्षिसं काढून घेतली, ज्यांना मैदानाबाहेर बसवलं, त्यांनी घेतलं होतं ते काय होतं? लाच होती की थकलेली मजुरी होती?

आपले काही मित्र म्हणतील, अमेरिकेतल्या फुटबॉलशी आपलं काय देणंघेणं? इथं काय कमी आग लागलीय? त्यांना माझं सांगणं असं, की १९७२ साली मुंबईत 'पँथर' हे नाव आपण कुठून घेतलं ते आठवा. त्याच्याही आधी, १९४६ साली बाबासाहेबांनी निग्रो नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. आपलं नातं जुनं आहे. आणि दुसरी गोष्ट, मी गोदीत ओझी उचलणारा माणूस आहे. अंगमेहनत विकून जगणाऱ्याला, कुठल्या कामाला काम म्हणायचं आणि कुठल्या कामाला हौस, सेवा, शिक्षण म्हणायचं हे कोण ठरवतं, याच्याशी देणंघेणं असतंच.

आधी खेळ समजून घ्या. हा आपला पायाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यानं त्याला अंगावर आदळून पाडायचं. डोक्याला हेल्मेट, खांद्याला पॅड, तरी माना मोडतात, मेंदूला मार बसतो. तिथं हा खेळ विद्यापीठांच्या नावानं खेळला जातो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी लाखाच्या वर माणूस बसतो. टीव्हीवाले अब्जांनी पैसे मोजतात. २०२४ साली मोसमाच्या शेवटच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांचा सहा वर्षांचा करार झाला, ७ अब्ज ८० कोटी डॉलरचा. कोचाचा पगार बहुतेक राज्यांत गव्हर्नरपेक्षा जास्त. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या कोचाला काढलं, तर नुसतं काढून टाकण्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काम न करण्याचे साडेसात कोटी! आणि मैदानात डोकं आदळणाऱ्या पोराला? फी, खोली, जेवण, पुस्तकं. बस्स. वर एक डॉलर घेतला तर गुन्हा.

हे सोवळं सांभाळणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, एनसीएए. तिची नियमांची पोथी जाडजूड. भटजीनं शिवाशिवीचा हिशेब ठेवावा तसा हिशेब. २०१३ पर्यंत नियम असा होता की खेळाडूला मधल्या वेळचं खाणं म्हणून बेगल नावाचा पाव कॉलेजनं दिला तर चालेल, पण त्यावर चीज फासलं तर नियमभंग. हसू नका. असले नियम करणारे लोक पगारी होते.

आता भरती कशी चालते ते बघा. सतरा वर्षांचं पोरगं शाळेत चांगलं खेळतं. देशभरातले कोच त्याच्या दारात. घर भाड्याचं, आई कुठंतरी साफसफाई करते, बाप असेल नसेल. कोच सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं खातो, पोराचं भविष्य रंगवतो. तो गेला की दुसरा माणूस येतो. त्याला तिथं बूस्टर म्हणतात. म्हणजे कॉलेजचा जुना विद्यार्थी, तेलात नाहीतर जमिनीत पैसा केलेला, आणि आपल्या कॉलेजची टीम जिंकली की स्वतः जिंकल्यासारखा नाचणारा. हा पाकीट देतो. गाडीची सोय करतो, आईच्या भाड्याचं बघतो. कॉलेजला काही माहीत नाही. कोचला काही माहीत नाही. माहीत सगळ्यांना असतं.

हे आजचं नाही. १९२९ सालीच कार्नेगी फाउंडेशननं मोठा अहवाल काढून सांगितलं होतं की कॉलेजं खेळाडूंची भरती करतात आणि त्यांना नाना वाटांनी पैसे पुरवतात. १९४८ मध्ये 'सॅनिटी कोड' नावाचा शहाणपणाचा कायदा केला. १९५० मध्ये तो मोडणाऱ्या सात कॉलेजांना हाकलायची वेळ आली, तर पुरेशी मतं पडली नाहीत आणि १९५१ मध्ये कायदाच गुंडाळला. कॉलेज दोषी असतं तेव्हा कायदा गुंडाळतात. पोरगं दोषी असतं तेव्हा पोथी उघडतात.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेक्सासमधल्या डॅलसचं, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं, एसएमयूचं. धर्माच्या नावाचं कॉलेज, श्रीमंतांचं कॉलेज. याच कॉलेजात १९६५ साली जेरी लेव्हायस नावाच्या काळ्या पोराला शिष्यवृत्ती मिळाली. त्या सगळ्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधला तो पहिला काळा शिष्यवृत्तीधारक फुटबॉलपटू. पुढं ऐंशीच्या सुमारास टीम जोरात आली. पैसाही जोरात आला. एनसीएएनं १९८५ मध्ये पकडून शिक्षा केली, कॉलेजनं पुन्हा करणार नाही म्हणून सांगितलं. पण पैसे चालूच राहिले. का? कारण ज्या पोरांना कबूल केलं होतं त्यांना मध्येच बंद केलं तर ती तोंड उघडतील ही भीती. शेवटी एका माजी खेळाडूनं १९८६ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या टीव्हीवर सगळं सांगितलं. चौकशीत निघालं ते एवढं: १९८५-८६ मध्ये १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर. कुणाला महिन्याला ५०, कुणाला ७२५.

फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं शिक्षा दिली. १९८७ चा अख्खा मोसम रद्द. तिथं तिला 'देहदंड' म्हणतात. १९८८ चा मोसम मग कॉलेजनंच रद्द केला. आता ऐका खरी गोष्ट. मार्च १९८७ मध्ये बिल क्लेमेंट्स या माणसानं कबूल केलं की कॉलेजच्या कारभारी मंडळावर असताना हे पैसे चालू ठेवायच्या निर्णयात आपण होतो. हा कोण? टेक्सास राज्याचा गव्हर्नर! जानेवारीतच त्यानं पुन्हा शपथ घेतली होती. त्याला देहदंड झाला का? त्यानं आपली मुदत १९९१ पर्यंत आरामात पुरी केली. आणि ज्या पोरांनी एक छदाम घेतला नव्हता त्यांचीही टीम गेली. मोसम रद्द झाल्याची बातमी फुटताच दुसऱ्या कॉलेजांचे कोच डॅलसला धावले, मेलेल्या टीममधली चांगली पोरं उचलायला.

पुढचा भागही ऐका. त्याच एसएमयूनं २०२४ मध्ये एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये जागा मिळवली. त्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा सोडायला कॉलेज तयार झालं, आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर उभे केले. त्याच मोसमात टीम अजिंक्यपदाच्या सामन्यांत पोचली. पेपरांनी कौतुक केलं. १३ पोरांना मिळून ६१ हजार, तर मृत्युदंड. श्रीमंतांनी उघड दहा कोटी ओतले, तर पुनर्जन्म. पैसा तोच, देणारेही त्याच थरातले. फक्त देण्याची परवानगी बदलली.

पण दोस्तांनो, इथं एक सावध राहायला हवं. टेबलाखालचा पैसा म्हणजे गरिबाला मिळालेला न्याय, असं मी म्हणत नाही. ती मजुरी नव्हे, बक्षिसी आहे. बक्षिसी मालकाच्या मर्जीवर असते. गोदीत मी हे रोज बघतो. मुकादम खूश असला तर पाळी देतो, वर चहापाण्यालाही देतो. उद्या तोंड वर करून बोललास तर हजेरीत नाव नाही. बक्षिसी घेतलेला माणूस तक्रार कुठं करणार? तोच गुन्हेगार ठरतो. मालकानं गुन्ह्यात भागीदार करून घेतलेला मजूर सगळ्यात गरीब.

आणि बक्षिसी पोराच्या हातात पडते असंही नाही. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात २००० साली एक काळं शाळकरी पोरगं फार चांगलं खेळत होतं. त्याचं नाव मी घेत नाही, ते आधीच पुष्कळ विकून झालंय. अलाबामा विद्यापीठाच्या लोगन यंग नावाच्या बूस्टरनं त्याच्या शाळेतल्या कोचला दीड लाख डॉलर दिले, की पोरगं अलाबामात धाड. पोरगं आपल्या मनानं जातंय असं जग समजत होतं. पुढं कोचनं गुन्हा कबूल केला. २००५ मध्ये ज्यूरीनं यंगला दोषी ठरवलं. २००२ मध्येच अलाबामाच्या टीमवर दोन वर्षांची बंदी आली होती, मोसमानंतरचे सामने खेळायचे नाहीत म्हणून. शाळकरी पोराचा सौदा झाला, दलाली मधल्यानं खाल्ली. अमेरिकेत माणसांची बोली लावून विक्री १८६५ साली बंद झाली असं पुस्तकात लिहिलंय.

रंगाचं बोललंच पाहिजे. ११ जून १९६३ ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभा राहिला, दोन काळ्या विद्यार्थ्यांना आत जाऊ न देण्यासाठी. त्याच राज्यात, १२ सप्टेंबर १९७० ला बर्मिंगहॅमच्या मैदानात कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससीच्या टीमनं अलाबामाच्या गोऱ्या टीमचा ४२-२१ असा धुव्वा उडवला. सॅम कनिंगहॅम नावाच्या काळ्या गड्यानं १३५ यार्ड मारले. त्यानंतर दक्षिणेतल्या कॉलेजांच्या भरतीत काळ्या पोरांसाठी दारं पटापटा उघडली. उघडली, पण वर्गाची नव्हे, मैदानाची. माणूस नको होता, मांड्या आणि खांदे हवे होते. आज वरच्या दर्जाच्या टीममधले जवळपास निम्मे खेळाडू काळे आहेत. कोचांच्या, संचालकांच्या, अध्यक्षांच्या खुर्च्या मोजा, तिथं हा आकडा दिसत नाही. आणि पोरं तोंड उघडायला लागली की काय होतं ते १९६९ मध्ये वायोमिंग विद्यापीठात दिसलं. चौदा काळ्या खेळाडूंनी वंशभेदाच्या निषेधाची काळी पट्टी दंडाला बांधायचं ठरवलं. कोचनं चौदाच्या चौदा टीममधून काढले. 

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. 'स्टुडंट-ॲथलीट'. विद्यार्थी-खेळाडू. किती सोज्वळ! हा शब्द कुठून आला? १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेनं कामगार-भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कॉलेजचा काही फुटबॉलचा धंदा नाही, भरपाई नाही. वॉल्टर बायर्स हा १९५१ पासून १९८७ पर्यंत एनसीएएचा कर्ताधर्ता. निवृत्तीनंतर १९९५ मध्ये त्यानं पुस्तक लिहून स्वतः सांगितलं की खेळाडूंना कुणी कामगार ठरवू नये, या धास्तीनंच तो शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत घुसवला. स्वतः चालवलेल्या त्या कारभाराची तुलना त्यानंच मळेवाल्यांच्या मनोवृत्तीशी केली. खुर्ची सुटल्यावर!

१९७४ च्या ऑक्टोबरात टीसीयू या टेक्सासच्या कॉलेजचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना पडला तो मानेखाली लुळा झाला. हा गोरा होता. मालक रंग बघून लुबाडतो आणि रंग न बघताही लुबाडतो. त्यानं भरपाईसाठी दावा लावला. १९९३ मध्ये राज्याच्या आयोगानं त्याला कामगार मानलं, पुढं ज्यूरीनं ते फिरवलं, आणि २००० मध्ये टेक्सासच्या अपील कोर्टानं शिक्का मारला: तू विद्यार्थी होतास, कामगार नव्हतास. एका शब्दानं माणसाचा दवाखाना बंद.

आमच्याकडे साखळी तुटून पेटी अंगावर आली की पहिला प्रश्न 'कुठं लागलं' हा नसतो. 'कुणाचा माणूस?' हा असतो. कायम, बदली, की ठेकेदाराचा? म्हणून तो शब्द मला बरोबर कळतो.

उलट बाजूला पोरांचे गुन्हे बघा. जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीननं २०१० मध्ये स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली. चार सामने बंदी. त्याच वेळी त्याच्या नंबरच्या जर्सी दुकानात विकून पैसा कमवायला कॉलेज मोकळं होतं. ओहायो स्टेटच्या पोरांनी जिंकलेल्या स्वतःच्या वस्तू विकल्या, गोंदवून घेतलं. पाच जणांना २०११ च्या मोसमात पाच सामने बंदी. यूएससीच्या रेगी बुशच्या घरच्यांना एजंटगिरी करू पाहणाऱ्यांनी घर आणि पैसा पुरवला, म्हणून २०१० मध्ये त्याला सर्वात मोठं बक्षीस, हाइजमन करंडक, परत द्यावा लागला. १४ वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, तो सन्मानानं परत केला. का? कारण मधल्या काळात नियम बदलला. बुशनं केलं ते तेच राहिलं.

नियम आपोआप बदलला नाही, हे नीट लक्षात ठेवा. एड ओबॅनन या बास्केटबॉलच्या जुन्या खेळाडूनं आपला चेहरा व्हिडिओ गेममध्ये फुकट विकला जातोय हे पाहून दावा लावला, २०१४ मध्ये त्याच विल्केनबाईंनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. २०१४ मध्येच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियन करायचं ठरवलं. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्यानं त्यांना कामगार मानलं. पोरांनी मतदान केलं. पण २०१५ मध्ये वरच्या मंडळानं आम्ही यात पडत नाही म्हणून हात झटकले आणि मतपेट्या कधी उघडल्याच नाहीत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, की खेळाडूला आपलं नाव आणि चेहरा विकता येईल. २१ जून २०२१ ला ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएला दणका दिला. दहा दिवसांत, १ जुलैला, पोथीचं ते पान फाटलं. खेळाडूंनी जाहिराती, सह्या, नाव विकायला सुरुवात केली. आणि मग आली २०२५ ची तडजोड.

मग झालं का सगळं? नाही झालं. त्या तडजोडीत पैशावर वरची मर्यादा घातली. कोचाच्या पगाराला मर्यादा नाही, खेळाडूंच्या वाट्याला आहे. ती मर्यादा खेळाडूंच्या कुठल्या युनियननं टेबलावर बसून मान्य केलेली नाही; वकिलांनी आणि कॉन्फरन्सवाल्यांनी ठरवली. बाहेरच्या माणसाबरोबर ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार केला तर तो तपासायला नवी यंत्रणा बसवली. म्हणजे अयोग्य पैसे कुठले, हे ठरवणारा भटजी बदलला, सोवळं तेच. आणि मुख्य शब्द अजून कुणी उच्चारत नाही: कामगार. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली होती, वर्षअखेर तीही अर्ज मागं घेऊन थांबली. पैसा द्यायला व्यवस्था तयार झाली. हक्क द्यायला नाही. पैसा उद्या कमी करता येतो. हक्क दिला की टेबलासमोर बसावं लागतं.

तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलं की अमेरिकेत कॉलेजची पोरं पैशाला चटावली, खेळातली निर्मळता गेली, तर त्याला विचारा: निर्मळ कोण होतं? पाकीट देणारा गव्हर्नर? साडेसात कोटी घेऊन घरी बसलेला कोच? जर्सी विकणारं दुकान? खेळाडूनंच तेवढं निर्मळ राहायचं, ही निर्मळता आम्हाला पिढ्यान् पिढ्या शिकवलीय. गावाचं काम करा, भाकर-तुकडा घ्या, दाम मागू नका. मागितला की तुमची नियत वाईट. तिथल्या पोथीत याला 'हौशी खेळ' म्हणतात, आमच्या पोथीत 'परंपरा' म्हणत.

माझी भूमिका सरळ आहे. ज्याच्या अंगमेहनतीवर नफा उभा राहतो तो कामगार. त्याला ठरलेली मजुरी हवी, मर्जीची बक्षिसी नको. मान मोडली तर जन्मभराचा दवाखाना हवा. आणि मजुरी किती, हे ठरवताना त्याची संघटना समोर हवी. नॉर्थवेस्टर्नच्या त्या न उघडलेल्या मतपेट्या या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चोरी आहे. ६१ हजार डॉलर नव्हे.

आपल्या वस्तीत, आपल्या कारखान्यात, आपल्या गोदीत, कामाला दुसरंच गोड नाव देऊन हक्क बुडवला जात असेल, तर ते नाव आधी पकडा. शिकाऊ म्हणतात, मानधनावर म्हणतात, सेवक म्हणतात. त्या शब्दाला हात घाला. पाकिटाचं नंतर बघू.

जय भीम!